भिंतीचं अस्तर

प्रिय बारक्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. तुझी आई तर इतकी ठीक आहे, की काल चहात साखर जास्त पडली म्हणून तिने मला चांगलं पंधरा मिनिटं फैलावर घेतलं आणि मधे एकदाही खोकली नाही. गेल्या सहा महिन्यांत तिला एवढं सलग रागावता आलं नव्हतं. मी मुकाट्याने ऐकत होतो आणि मनातून बरं वाटत होतं.

खोकल्याचं तिने तुला फोनवर सांगितलं नसणारच. तिसऱ्यांदा औषध बदलताना डॉक्टरांनी विचारलं, झोपता कुठे? मागच्या खोलीत, ती म्हणाली. तिथल्या भिंतीला ओल आहे का? ती माझ्याकडे बघायला लागली. त्या भिंतीचं नाव आपल्या घरात दोन वर्षांत कोणी काढलेलं नाही. भिंतीवर अस्तरासारखा लावलेला जिप्समचा बोर्ड जिथून फळीसकट सुटून तुझ्या आईच्या हातावर पडला, तिथे मी नंतर कपाट सरकवून ठेवलं होतं. ते बाजूला केलं तर मागे पंजाएवढे काळे बुरशीचे डाग, आणि शेजारचे बोर्ड पोट फुगल्यासारखे पुढे आलेले.

मग माणूस शोधायला लागलो. मला एक जण फोनवरच मिळाला. भिंत न बघता म्हणाला, "काका, दोन दिवसांत काम फत्ते. आहे त्याच्यावर नवे बोर्ड ठोकू, आतलं काही दिसणार नाही." मला ते पसंत पडलं होतं. तुझ्या आईने फोन माझ्या हातून घेतला, "आम्हाला दिसायलाच हवंय," म्हणाली आणि ठेवून दिला. शेवटी तुझ्या ताईने एक कंत्राटदार बाई शोधून दिली. या कामाचं रीतसर शिक्षण घेतलेली, प्रमाणपत्र, परवाना सगळं असलेली. आधी ज्यांची कामं केली अशा तिघांचे नंबर तिने आपणहून दिले. तुझ्या आईने तिघांनाही फोन लावले. एकीशी तासभर बोलली, त्यातली भिंतीबद्दल पाच मिनिटं असतील.

बाई चाळिशीची, कानामागे पेन्सिल, बोलणं बेताचं. अडतीस वर्षं कपडे शिवल्यामुळे माणूस टेप कशी धरतो यावरून मी त्याला ओळखतो. तिने प्रत्येक माप दोनदा घेतलं आणि लिहून ठेवलं. मग ओल मोजायचं एक छोटं यंत्र भिंतीला टेकवून मला आकडा दाखवला. "काका, ही भिंत अजून पाणी पितेय. कुठून, ते सापडेपर्यंत मी एकही बोर्ड लावणार नाही." मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही कामाला नाही म्हणताय." ती म्हणाली, "कामाला नाही म्हणत नाहीये. झाकायला नाही म्हणतेय." माझ्या दुकानात कुणी ओल्या कापडाला अस्तर लावायला घेतलं असतं, तर मी त्याला मशीनवरून उठवलं असतं.

तिने सगळे जुने बोर्ड उतरवले, खालचा गिलावा फोडला. वरच्या मास्तरांच्या न्हाणीघराची नळी त्या भिंतीतून जाते. तिचा जोड थेंबथेंब गळत होता, बहुतेक कित्येक वर्षं. मास्तर खाली येऊन बघून गेले आणि इतके ओशाळले, की दुसऱ्याच दिवशी प्लंबर हजर. त्यानंतर तीन आठवडे भिंत उघडी ठेवली. दर आठवड्याला बाई यायची, आकडा बघायची, भिंतीवरच पेन्सिलीने लिहायची. तिसऱ्या आकड्याखाली तिने रेघ मारली आणि मगच पत्र्याची फ्रेम, ओल सोसणारे हिरवट बोर्ड, सांध्यांवर पट्टी आणि फटी बुजवायची लांबी. आता हात फिरवला तर सांधा लागत नाही. माझ्यासारख्या खोड काढणाऱ्यालाही सापडला नाही. तुझी आई महिनाभर तिथेच झोपते आहे आणि घोरते आहे. तक्रार केली तर म्हणते, भिंत घोरत असेल.

इथवर सगळं छान लिहून झालं. एक गोष्ट मात्र मी मागे ठेवली. जुनी फ्रेम काढायच्या आधी बाईने तिच्यावर सरळपणा तपासायची लेव्हल लावून पाहिली आणि विचारलं, "हे काम कोणाचं?" मी म्हटलं, "होता एक." हो, मी असंच म्हटलं. ती म्हणाली, "केसभरही तिरकी नाही. स्क्रू सारख्या अंतरावर. जमिनीपासून बोटभर जागा सोडलीय. हा माणूस काम शिकलेला आहे. मग त्याने ओल्या भिंतीवर बोर्ड लावलेच कसे?" तुझी आई दारात उभी होती. तिलाही तेच ऐकायचं होतं, हे मला तिच्या तोंडावर दिसलं.

बारक्या, मग मी सांगितलं. ताईच्या सासरची माणसं यायला आठ दिवस उरले होते. तू म्हणाला होतास, बाबा, भिंत ओली आहे, आधी वरची नळी बघू, महिनाभर थांबू. आणि मी म्हणालो होतो, लोक यायच्या आत झाकून टाक, मला काही ऐकायचं नाही. खोलीत आपण दोघंच होतो. पुढे बोर्ड पडला, तुझ्या आईचं मनगट मोडलं, आणि मी सगळ्यांसमोर तुला म्हणालो की तुझ्या हाताला एक काम धड येत नाही. तू खाली मान घालून ऐकून घेतलंस, माझं नाव घेतलं नाहीस. हत्यारांची पेटी विकलीस आणि परगावी गोदामात खोकी मोजायला गेलास. तुझ्या आईने हे ऐकलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी ताईला सांगितलं, जावयांना सांगितलं, मास्तरांच्या घरी जाऊन सांगितलं. तुला बोललो त्या दिवशी तिथे जे जे होते, त्या सगळ्यांना. बाईने तुझा नंबर मागितला आहे, तिला हाताखाली काम जाणणारा माणूस हवाय. तुला विचारल्याशिवाय मी दिलेला नाही. यावंसं वाटलं तर ये, नाही वाटलं तरी माझी तक्रार नाही. मी पत्र लिहिलं ते एवढ्याचसाठी, की मी हे कबूल केल्याचं आता तुझ्याशिवाय सगळ्यांना ठाऊक झालंय, आणि तुला ते माझ्याच हातून कळायला हवं. चूक माझी होती. तुझं काम चोख होतं.

तुझाच,
बाबा