अर्धी गुंज

६ फेब्रु., गुरु.
उद्या पोरांना पानं गोळा करायला नेणार. शाळेमागं ओढ्यापर्यंत, तेवढंच. एल.के.जी.ची चौदा पोरं, मी आणि मदतनीस लक्ष्मीआक्का. मोठ्या बाई म्हणाल्या, फाटकाच्या आतच काय ते करा. पण आत एकच बदाम. साग, पळस, कुसुंब सगळं ओढ्याकडं. हट्ट धरला. शेवटी 'तुमची जबाबदारी' म्हणून हो म्हणाल्या.

७ फेब्रु., शुक्र.
आजचं लिहून ठेवते.
सकाळ छान गेली. सागाचं पान डोक्यावर धरून पोरं चालली, वाळल्या पाल्यात उड्या मारल्या. परत आल्यावर आक्का पोरांचे हात धुवायला लागल्या. सही नावाच्या पोरीची मूठ उघडेना. उघडली तर आत गुंजेचं बी, लाल-काळं, अर्धंच.
आक्का हळू म्हणाल्या, "बाई, फुटल्याली हाय. चावली तर इख असतंय."
सही चार वर्षांची, डिसेंबरात आली. घरात कन्नड, मराठी अजून कळत नाही फारसं. खाल्लीस का विचारलं, मान हलवली. टाकलीस का, तरी हलवली. माझ्या मोडक्या कन्नडात विचारलं तर रडायलाच लागली.
मग मी काय केलं? तिचं तोंड धुतलं. आक्कांना म्हटलं, जरा थांबा. आणि खुर्चीवर बसले. वीस मिनिटं. नुसती.
नंतर तिच्या आईला, सावित्रीला, फोन. लोंढ्याच्या डॉक्टरांनी थेट बेळगावला पाठवलं. गाडीत सावित्रीनं विचारलं, "टीचर, तुमी कवा बघितलासा?"
म्हटलं, बघितलं तसा लगेच फोन केला.

८ फेब्रु., शनि.
सकाळी दोन उलट्या. रक्त नाही. डॉक्टर म्हणाले, चावून खाल्ली असेल तर तीन दिवस भरवसा नाही, लक्ष ठेवायचं.
व्हरांड्यात गाठून त्यांना खरी वेळ सांगितली. वीस मिनिटांनी उपचार बदलत नाहीत म्हणाले. पण माझ्याकडं बघितलं ते बघणं...
सहीचे वडील फौंड्रीतून पाळी सोडून आले. माझ्यासाठी चहा आणला. तो तसाच ठेवला.
आक्कांचा फोन. सगळा पाला चाळला, गुंजेचा दुसरा अर्धा भाग नाही सापडला.

९ फेब्रु., रवि.
सलाईन चालू. उलटी नाही. दुपारी पेज मागितली. सावित्री दोन दिवस स्टुलावरच बसून आहे. मी घरी जा म्हटलं, मान हलवली, लेकीसारखीच. मला 'टीचर, तुमी जेवलासा?' विचारलं. ते ऐकवेना.

११ फेब्रु., मंगळ.
घरी सोडलं काल. सगळे रिपोर्ट चांगले. गिळली, थुंकली की खाल्लीच नाही, कुणालाच कळलं नाही.
मोठ्या बाईंनी वहीत लिहून माझी स्वाक्षरी घेतली: पोरांना फाटकाबाहेर न्यायचं नाही. पोरं विचारत होती, पानं चिकटवायची कधी. गठ्ठा कपाटात. हात लावावासा वाटत नाही.
मोठ्या बाईंनी पालकांना सांगितलं, 'आमच्या बाईंनी ताबडतोब कळवलं.' मी गप्प.

१२ फेब्रु., बुध.
शाळा सुटल्यावर सावित्रीकडं गेले. सही अंगणात खेळत होती. उंबऱ्यातच सांगितलं, आत गेले असते तर धीर झाला नसता. लगेच नाही, वीस मिनिटं मी गप्प बसले होते. गाडीत खोटं बोलले.
सावित्री उंबऱ्यावर टेकली, अंगणातल्या लेकीकडं बघत. मग, "का ओ?"
"भ्याले."
"माझ्या पोरीसाठी?"
हो म्हणता आलं असतं. म्हटलं, नाही. आधी माझ्यासाठी.
ती उठली, लेकीला उचलून आत गेली. दार लावलं नाही. मी थोडी थांबले, मग निघाले.
मोठ्या बाईंनाही घरी जाऊन सांगितलं. शाळेच्या समितीपुढं ठेवावं लागेल म्हणाल्या.

१३ फेब्रु., गुरु.
हजेरीला तेरा. सहीच्या नावापुढं काही लिहिलं नाही, जागा सोडली.
साडेदहाला मायलेकी फाटकाशी. सहीच्या पाठीवर दप्तर. सावित्रीनं तिचा हात घट्ट धरलेला. आत येईनात, परतही जाईनात. आक्का म्हणाल्या, बाई, तुमीच जावा.
गेले. कडी काढली. सावित्री माझ्याकडं बघत होती, हात सोडला नव्हता. फाटक उघडं धरून उभी राहिले.