खाडीचं उत्तर तीर

बाबा,

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि कालपर्यंत मी तुमच्यावर संशयच घेत होते. गेल्या आठवड्यात नॉर्वेहून निरोप आला. आपल्या वरच्या खोलीत वर्षभर राहून तुमच्याकडे संस्कृत शिकलेल्या बाईंचा. त्यांच्या नवऱ्याला त्यांच्या गावच्या टेकडीच्या पायथ्याशी पुरलंय. दरवर्षी त्याच्या तिथीला इथे गंगेच्या दुर्गाघाटावर तीळपाणी द्यायचं तुम्ही कबूल केलं होतंत. बाई आता अंथरुणाला खिळल्यात. एवढंच विचारतात, गुरुजी होते तोवर देत होते ना?

मला खोटं लिहायचं नव्हतं. आईला विचारलं, तर पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "त्यांना कुणाला नाही म्हणता यायचं का? हो म्हणायचे नि विसरायचे." शेजारचे काका तर हसलेच. "अरे बिटिया, वहाँ से कौन देखने आ रहा है? लिख दे, हो गया!" हेच तर मला खुपत होतं. चौदाव्या वर्षी मी तुम्हाला सरळ विचारलं होतं, खरंच देता का पाणी? तुम्ही पायरीवर सगळ्यांदेखत ओरडलात, "बापाकडे पुरावा मागतेस?" ज्याच्याकडे पुरावा असतो तो असा ओरडत नाही, असं मला तेव्हापासून वाटत राहिलं. पुढे पदवी हातात पडली. घरातली पहिलीच पदवी. तिनं माझा संशय आणखी पक्का केला.

काल देव्हाऱ्यामागून बाईंनी दिलेला फोटो काढला. डोंगरांत लांबवर घुसलेली समुद्राची अरुंद खाडी. खाली काळंशार पाणी, काठावर लाल लाकडी घर, आणि घरामागे ती टेकडी. टेकडी कसली, उंचवटाच, वर मेंढ्या चरताहेत. फ्रेमच्या कडेनं काचेखाली पाणी शिरून डाग पडलेत. डागांवर डाग, आणि त्यांत तीळ चिकटलेत, काही राखाडी, काही अजून काळे. एका वर्षाचे नव्हेत ते. फोटो समोर ठेवून तुम्ही पाणी देत होतात. मागे पेन्सिलीनं तुमचं अक्षर: 'गोत्र काश्यप. खाडीचं उत्तर तीर.'

आठवतं, मी सहावीत आहे. तुम्ही हाच फोटो घेऊन माझ्यापुढे बसता. "गोत्र माहीत नसलं की काश्यप लावतात. पण पाणी देताना ठिकाणही सांगायचं, ते असं ठोकून देता येत नाही. आपण गंगेच्या पश्चिम तीरावर. हा माणूस कुठल्या तीरावर? बाईंना विचारायचं राहिलं. तू शाळेत जातेस, तू सांग."

"उत्तर," मी म्हणते. तुम्ही लगेच पेन्सिल शोधता.

आज बाईंच्या पत्त्यावरून मोबाइलवर नकाशा उघडला. टेकडी दक्षिण तीरावर आहे.

बाईंना लिहिलं, दिलं, दरवर्षी. तीराचं लिहिलं नाही. हा कागद फोटोच्या मागेच ठेवते. बाबा, फोटोत टेकडी पाण्याच्या वर दिसत होती, आणि नकाशात वर उत्तर असते, एवढंच मला तेव्हा येत होतं. फोटो म्हणजे नकाशा नव्हे, हेही कळत होतं. पण तुम्ही पहिल्यांदाच मला काही विचारलं होतंत. माहीत नाही, असं म्हणवलं नाही.