नायकाच्या नावानं

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. हे पत्र पेटीत टाकणार नाही, म्हणूनच इतका वाकतो आहे. एरवी गुडघे परवानगी देत नाहीत.

तुझ्या लाडक्या सिनेनायकाच्या आठवणींच्या प्रदर्शनाला तू त्याचं तुला आलेलं पत्र दिलंस. ते मी लिहिलेलं आहे. नर्सिंगच्या परीक्षेत नापास होऊन तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. बाबा ओरडत होते आणि माझ्या तोंडून धीराचा शब्द फुटत नव्हता. मग त्याच्या नावानं लिहिला: "पुनः प्रयत्न कीजिए." खाली एक सुभाषितही जोडलं. चाबूक फिरवणारा नट संस्कृत कधी शिकला, हे तू विचारलं नाहीस. पुन्हा बसलीस आणि पास झालीस.

आज शाळा सुटल्यावर प्रदर्शनाच्या बाईंना गाठून सगळं कबूल केलं. त्या हसल्याच. "अहो सर, चाहत्यांना उत्तरं त्यांचा सेक्रेटरीच लिहायचा! इथलं एकही पत्र त्यांच्या हातचं नाही. तुमचं राहू द्या, निदान अक्षर चांगलंय. ताईंना मात्र तुम्हीच सांगा."

सांगायचं म्हणून तुला फोन लावला. तू म्हणालीस, "रविवारी माझ्या वॉर्डातल्या शिकाऊ मुलींना ते पत्र दाखवायला नेतेय. तूही ये. त्यांना सांगणार आहे, घरातल्या कुणी जवळ घेतलं नाही, तेव्हा या परक्या माणसानं विचारपूस केली."

मी म्हणालो, "येतो."

तुझा,
घरातला कुणी