एकशे अठराव्या लॉटची बटणं

मानखुर्द, मुंबई
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

प्रिय अंबादासदादा,
जय भीम.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईच्या गुडघ्याला नव्या डॉक्टरांनी पट्टा दिलाय. घरात ती तो लावत नाही, फक्त विहारात जाताना लावते, म्हणजे बायका विचारपूस करतात. लिफ्ट पंधरा दिवस बंद आहे. आई प्रत्येक मजल्यावर कुणाच्या तरी दारात बसते आणि चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत दोन कप चहा झालेला असतो. तुला कामावरून घरी बसवलंय हे तिला अजून सांगितलेलं नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू "बोल गं" म्हणालास की मी "जेवलास का" विचारते. गेले तीन आठवडे हेच चाललंय.

धोंडिरामभाऊंना नागपूरच्या दवाखान्यातून घरी आणलं, असं वहिनी म्हणाली. डावा डोळा वाचला नाही, हेही तिनेच सांगितलं. बारा वर्षं तुम्ही दोघं खाणीत एकाच ड्रिलवर. मला त्यांच्याबद्दल अजून विचारायचंय, पण आज नको.

बुधवार, १९ फेब्रुवारी

दोन दिवस हा कागद पिशवीत घेऊन फिरले. आता सरळ लिहिते.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी तू ड्रिलच्या टोकाच्या फुटलेल्या बिटचा फोटो पाठवलास. खाली लिहिलं होतंस, "तू यातली जाणकार. साहेब म्हणतात मी जोर जास्त लावला. माझी चूक आहे का, बघून सांग." मी उत्तर दिलं, "फोटोवरून सांगता येत नाही रे."

सांगता येत होतं, दादा. बिटच्या अंगावर कोरलेला ११८ हा लॉटचा आकडा स्पष्ट दिसत होता. तो लॉट मी तपासला होता. आणि त्यात खोट आहे हे मला माल निघायच्या आधीपासून माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीत तू इथे आला होतास. शर्ट काढून आईकडून खांद्याला तेल लावून घेत होतास. म्हणालास, "दगड इतका कठीण की बिट एका पाळीत तीनदा बदलावा लागतो. तुमच्या अंधेरीच्या कारखान्यात जरा टिकाऊ काहीतरी बनवा की." तू सहज बोललास. मी मात्र ते मनावर घेतलं.

बिटच्या तोंडावर बसवलेली ही बटणं, दगड फोडणारे हे दाणे, तू रोज वापरतोस, पण बनताना कधी पाहिली नाहीस. टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टने बांधून भट्टीत भाजतात. कोबाल्ट कमी घातला तर बटण झिजत नाही, पण पटकन फुटतं. जास्त घातला तर फुटत नाही, पण लवकर बोथट होतं. या दोन्हींच्या मधली जागा शोधण्यात माझं दीड वर्ष गेलं. शेवटी ते मिश्रण, आमच्या भाषेत ग्रेड, जमलं. तुमच्या खाणीत पहिली बटणं घ्यायला साहेब तयार नव्हते, तेव्हा तू भांडलास. "माझ्या बहिणीने बनवलंय, मी चालवून दाखवतो." एका बिटने दीडपट भोकं पाडली तेव्हा तुझा व्हॉइस मेसेज आला होता मोबाइलवर, "झकास गं माधुरी!" मी तो ऑफिसात सगळ्यांना ऐकवला होता.

डिसेंबरात ११८ नंबरचा लॉट भट्टीतून निघाला. पाच नमुने कापून मी भिंगाखाली ठेवले. त्यातल्या दोन नमुन्यांत काळसर फुलांसारखे डाग दिसले. भाजताना कार्बन कमी पडला की बटणाच्या आत एक ठिसूळ घटक तयार होतो, त्याचे ते डाग. बाहेरून बटण चकचकीत दिसतं. श्यामसुंदर सर आमचे प्रॉडक्शनचे प्रमुख. त्यांना बोलावलं.

"पाचात तीन चांगले आहेत ना?" ते म्हणाले.

"सर, दोन खराब आहेत. अजून वीस तरी कापून बघायला पाहिजेत."

"तेवढ्यात आठवडा जाईल. खाली टेम्पो उभा आहे. थांबवायचा असेल तर थांबव, मी अडवत नाही. पण पहिल्याच मोठ्या ऑर्डरला लॉट परत गेला, तर तुझ्या ग्रेडची वाट लागली म्हणून समज. परत कुणी हात लावणार नाही."

एवढं बोलून ते गेले. जबरदस्ती केली नाही, हे तुला कळायला हवं. मी एकटी बसले होते. थांबवता आलं असतं. पण लोक त्या बटणांना माझ्या नावाने ओळखायला लागले होते आणि ते मला फार आवडत होतं. मी रिपोर्टात तीनच नमुने लिहिले आणि सही केली. उरलेले दोन ड्रॉवरमध्ये टाकले.

त्या दिवशी भोक सुरू करताना त्याच लॉटचं बटण फुटलं आणि तुकडा उडाला. वाफेने धुरकटलेला सुरक्षेचा चष्मा पुसायला धोंडिरामभाऊंनी तेवढ्यापुरता काढला होता. तू जोर जास्त लावला नव्हतास. चांगलं बटण तेवढा जोर रोज सोसतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

काल सकाळी ते दोन नमुने काढून पुन्हा फोटो घेतले. सरांना सांगितलं, उरलेला माल परत मागवा. ते म्हणाले, "खाणीतली चौकशी संपू दे. रिपोर्टावर तुझं नाव आहे, विसरू नकोस." मी दुपारी तुमच्या खाणीच्या मॅनेजरना आणि चौकशी अधिकाऱ्यांना मेल केला. पाचही नमुन्यांचे फोटो, खरा रिपोर्ट, खोटा रिपोर्ट, सगळं जोडलं. ११८ नंबरचे सगळे बिट आजच काढा, असं पहिल्याच ओळीत लिहिलं. संध्याकाळी मॅनेजरांचा फोन आला. एकतीस बिट बाजूला काढलेत. त्यातले नऊ वापरात होते, दादा. हे तीन आठवडे कुणी ना कुणी त्यांच्यासमोर उभं राहून भोकं पाडत होतं आणि मी तुला जेवलास का विचारत होते.

मला आज घरी बसायला सांगितलंय. पुढे काय होईल ते होईल. तुझी चौकशी मागे घेतील असं मॅनेजर म्हणाले, पण लेखी दिलेलं नाही. हे पत्र मात्र माझ्या हातचं, लेखी आहे. ते चौकशीत दाखव. मी तुझी बहीण आहे म्हणून काही झाकू नकोस.

आईला आज सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "धोंडिरामच्या घरी तू आधी जा. अंबादास नंतर." मंगळवारी सकाळी मी पोहोचेन. त्यांना काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. त्यांच्या बायकोने दारातून परत पाठवलं तरी मी जाणार आहे.

वहिनीला माझ्यासाठी स्वयंपाक करायला सांगू नकोस. तुझ्याकडे येऊ की तिथूनच परत फिरू, एवढं कळव. नाही म्हणालास तरी मला समजेल.

तू अजून म्हणू देत असशील तर, तुझी बहीण,
माधुरी