आल्पेनरोझविरुद्ध एक उन्हाळा

१२ जून
डोंगरातल्या उन्हाळी कुरणावर आलो. गावाच्या चौदा गायी, मी, आणि माझा एकतिसावा उन्हाळा. रॉसबोडनचा उतार पाहून डोकं फिरलं. वडिलांच्या वेळी तिथे नुसतं गवत होतं. आता गुडघाभर आल्पेनरोझ, ते लाल फुलांचं रानझुडूप, काळ्या बेऱ्यांची झुडपं आणि जमिनीला चिकटून पसरलेलं जुनिपर. आल्पेनरोझ विषारी, गायी तोंड लावत नाहीत. कुरण मंडळ म्हणतं, झाडं संपतात तिथलं हे कुरण आता झुडपांचंच झालं, पुढच्या वर्षापासून बंद करू. १५ ऑगस्टला पाहणी आहे.
मी एकट्याने साफ करणार. सहा हजार चौरस मीटर. रोज शंभर, म्हणजे साठ दिवस. वर तीन-चार दिवस आराम. सोपं आहे.
मंडळाचा अध्यक्ष फिगिल म्हणाला, "सेराफिन, ते झुडूप तुझ्यापेक्षा हट्टी आहे." त्याने मला अजून ओळखलेलं नाही.

१३ जून
नऊ मीटर. कुदळीला धार लावण्यात सकाळ गेली. उद्यापासून रोज एकशे दहा.

१४ जून
पाऊस.

२१ जून
एकूण एकतीस मीटर. गुडघा दुखतो, पण डावा. काम उजव्याने होतं. झेन्सीचा खालून फोन. "अडुसष्टाव्या वर्षी डोंगर सोलायला निघालास? घरचं कुंपण वर्षभर मोडून पडलंय." बायकोला मोठं काम दिसत नाही.

३ जुलै, दुपार
इन्सब्रुकहून एक बाई आल्या. ओटिलिया. झुडपांवर लाकडी चौकट ठेवतात, आत काय काय आहे ते मोजतात. एवढ्यासाठी विद्यापीठ! मी उपटलेलं एक खोड उचलून भिंगातून वर्षं मोजत बसल्या. अंगठ्याएवढं खोड. म्हणाल्या, "एकाहत्तर, सेराफिनकाका. तुमच्याहून थोरलं निघालं."
वय झालं म्हणजे कुरणावर हक्क आला, असं नाही. मी तसं सांगितलं. त्या हसल्या. का, ते कळलं नाही.

१० जुलै
सगळा उतार लाल फुलला. शत्रूला लाज नाही. पर्यटक आले. मी कुदळीवर हात ठेवून उभा होतो, फोटोसाठी बरा दिसलो असतो. एक बाई म्हणाली, "आजोबा, जरा बाजूला व्हाल? फुलं झाकली जातायत." मी ठणकावलं, हे तण आहे. तिने तणाचे चाळीस फोटो काढले.
आज काम शून्य. निषेध म्हणून.

२७ जुलै
काल ढगफुटी. साफ केलेल्या पट्ट्यातली माती घसरून खाली पायवाटेवर आणि गायींच्या पाण्याच्या कुंडात. दिवसभर चिखल उपसला. ओटिलियाबाई न बोलावता फावडं घेऊन आल्या. काम संपल्यावर म्हणाल्या, "मुळांनीच माती धरली होती, काका." मी म्हणालो, मुळं मी काढली, पाऊस मी पाडला नाही. बाई फावडं धुवायला गेल्या. वाद मी जिंकला.
चीज दिलं त्यांना. अर्धा किलो. उगाच कोणाचे उपकार नकोत.

१४ ऑगस्ट
एकूण दोनशे बारा मीटर. त्यातले नव्वद वाहून गेले, पण केले होतेच. वाटेकडची कड कापून ठेवली आहे. वाटेवरून पाहिलं तर अख्खा उतार साफ वाटतो. वाट सोडून कोण चालतं?

१५ ऑगस्ट
फिगिल वाट सोडून चालला. पाच जण मागे. मी तोडलेल्या बुंध्यांना तांबूस कोंब फुटले होते. एवढे एवढे. फिगिल वाकून बघत राहिला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

२ सप्टेंबर
गावात मीटिंग. वीस मिनिटांचं भाषण तयार होतं. "माझ्या वडिलांनी" इथपर्यंत आलो आणि खाली बसलो. डावा गुडघा. मतदान अकरा विरुद्ध एक. वरचं कुरण बंद.
पराभव नव्हे. मतं कमी पडली.

३ सप्टेंबर
परत वर. निर्णय: या हिवाळ्यात खाली उतरायचं नाही. बटाटे आहेत, सुकवलेलं डुकराचं मांस आहे, लाकूड आहे. झेन्सीला कळवलं. म्हणाली, "राहा. लग्न लाव त्या आल्पेनरोझशी." फोन मी ठेवला. म्हणजे तिने आधी ठेवला होता.

१९ सप्टेंबर
सकाळी उठलो तो वीतभर बर्फ. झुडपं त्याखाली निवांत झाकलेली. गायींना मोठ्याने सांगितलं, घाबरू नका, आपण इथेच राहतोय. म्होरकी लोत्ती माझ्याकडे बघत राहिली. मग पाठ फिरवली आणि चालू लागली. मागे तेरा जणी, घंटा वाजवत. ओरडलो, शिव्या दिल्या, वाटेत आडवा उभा राहिलो. लोत्ती वळसा घालून गेली. धुक्यात पुढचं दिसेना. मी घंटांच्या आवाजामागे चालत राहिलो. चार तास.
गावात लोक दारात येऊन टाळ्या वाजवत होते. सेराफिनने एवढ्या बर्फात गुरं सुखरूप आणली! फिगिलने टोपी काढली. मी मान डोलावली.
झेन्सीने बूट काढायला मदत केली. हळूच विचारलं, "तू त्यांना आणलंस, की त्यांनी तुला?"
म्हणालो, "त्यांनी."
तिने सूप वाढलं. मी दोनदा घेतलं.