चुनीच्या नावाची आगारी

प्रकाशा,
सर्वपित्री अमावास्या, १९६५

प्रिय चुनी,

पत्ता तोच जुना घातला आहे, मार्फत ५६ ए.पी.ओ. तू तिथं असशील तर मिळेल. पण तू कुठं आहेस हेच कोणाला सांगता येत नाही. परवा तार आली. हेडमास्तरांनी वाचली आणि मग चष्मा पुसत बसले. फ्लाइट लेफ्टनंट चुनीलाल मोतीलाल पाटील हवाई चकमकीनंतर बेपत्ता. बेपत्ता म्हणजे नक्की काय, आहे की नाही, हे मी त्यांना तीनतीनदा विचारलं. त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. माय मात्र शांतपणे म्हणाली, तो लहानपणी सारंगखेड्याच्या यात्रेतही हरवला होता, घोड्यांपाशी सापडला.

आणि याच घरात गेल्या आठवड्यात पेढे वाटले होते रे! तू पाकिस्तानचं सेबर विमान पाडलंस हे पंचायतीच्या रेडिओवर ऐकलं आणि गाव नुसतं वेडं झालं. तुझं नॅट एवढंसं आणि ते सेबर केवढं, हे धुडकूकाकांनी हातवारे करून सगळ्यांना समजावलं. कोतवाल पक्षी घारीच्या मागे लागतो ना, तसं, म्हणाले. तू आलास की बैलगाडीतून मिरवायचं, असंही ठरलं. मला माळ्यावरचा तू आठवलास. ज्वारी राखायला आपण बसायचो, माझ्या हातात डबा बडवायला काठी आणि तुझ्या हातात गोफण. उन्हाच्या बाजूनं येणारं पाखरू दिसत नाही म्हणून तू डोळ्यांवर हात धरून तिकडंच बघत राहायचास. तिथंही हेच शिकवतात, असं तू लिहिलं होतंस. मग तुझ्यावर उन्हातून कोण आलं, आणि तुला ते दिसलं कसं नाही? याचा मला रागच येतो. रडू येण्याऐवजी राग येतो, काय करू?

तुझं पत्र तारेच्या आदल्या दिवशी मिळालं. मी मायला वाचून दाखवलं. बढाई एका शब्दाची नाही. पाडलं, जळत खाली गेलं, छत्री उघडली नाही, मी शेवटपर्यंत पाहिलं, जेवण जात नाही. बस, एवढंच. मायनं विचारलं, त्यात माणसं किती होती? एकच, असं मी सांगितलं. काल तुझ्या सोबतच्या वैमानिकाचं पत्र आलं. तुझी छत्री उघडलेली पाहिल्यासारखं त्याला वाटतं, पण ढग होते. वाटतं म्हणजे काय? पाहिली की नाही पाहिली?

आज अमावास्या. मी सासरहून, रनाळ्याहून, पेढ्यांच्या वेळी आले होते, ती राहिलेच. खीर-पुरी झाली, निखारे काढले, मायनं आबांच्या नावाची आगारी टाकली, पहिला घास निखाऱ्यावर ठेवला. आबांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ती त्या वेळी पदर डोळ्यांवर ओढतेच. मग धुडकूकाका घसा खाकरून हळूच म्हणाले की आजचा दिवस सर्वांचा असतो, चुनीचाही एक घास टाकावा, मागाहून मनाला लागायला नको. मायनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं.

“जित्ता माणूसना नावनी आगारी टाकतस का?”

आणि त्यानंतर तिनं दुसरा घास उचललाच. मी तिचा हात धरला, चुनी, जोरात धरला. तो तिनं सोडवून घेतला आणि घास निखाऱ्यावर ठेवला.

“हाई त्यानी शे, ज्याले मन्हा चुनीनी पाडं.”

काका उठून गेले. शत्रूला कोणी घास देतं का, आणि त्यांच्या धर्मात हे चालतं तरी का, असं बडबडत गेले. त्यांचं खरं की मायचं, अजून कळत नाही. धूर मात्र सरळ वर गेला, दोन्ही घासांचा सारखाच.

सगळे जेवले, माय जेवली नाही. भांडी आवरल्यावर तिनं माझ्यापुढं हे पाकीट आणून टाकलं.

“मरेलले आगारी टाकतस, जित्ताले पत्र लिखतस. बठ, लिख.”

म्हणून हे लिहिते आहे. ती समोर बसली आहे. तिला वाचता येत नाही, पण पेन थांबलं की लगेच मान वर करते, म्हणून मी थांबत नाही. काय लिहिलंस, असं विचारते. कापूस बरा आहे, केळी लागली आहेत, असं लिहिलं म्हणून सांगते. कापूस खरंच बरा आहे. पत्र पेटीत पडलं की ती जेवणार आहे. उत्तर येईपर्यंत दर आठवड्याला लिहायचं, असंही तिनं ठरवलंय. मला भीती वाटते रे, की मी लिहीतच राहीन. चार ओळी लिही. तेवढंही जमत नसेल तर कोऱ्या कार्डावर नुसतं तुझं नाव लिहून टाक. मी तेच तिला पानभर वाचून दाखवीन.

वाट बघणारी, तुझीच,
आक्का