एकेचाळीस क्लोज-अप

८ जानेवारी १९८४, रविवार. भंडारा.

आम्ही दोघं ओसरीवर शिंगाडे सोलत बसलो होतो. १९७२च्या जानेवारीतली दुपार. ह्यांनी मध्येच धोतराला हात पुसले, बोटांची चौकट केली आणि त्यातून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "जरा सरक, मागचं दार छान दिसतंय." मी सरकले. मग पुन्हा शिंगाडे. एवढंच. पण त्याच आठवड्यात ह्यांनी नागपूरहून सेकंडहँड सुपर-एट कॅमेरा आणला. म्हणजे ह्यांच्या सिनेमाची सुरुवात माझ्यापासून झाली, हे उघड आहे.

आठवायचं कारण, प्रा. केवळराम आले होते. कॉलेजात फिल्म सोसायटी काढली आहे. १२ फेब्रुवारीला ह्यांना जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी 'कै. पुंडलिकराव यांचे दोन लघुपट' दाखवायचे आणि मी बोलायचं. विषय: लघु नाट्यपटांतील तंत्र, एक तुलना. मी लगेच हो म्हटलं. ड्रॉइंग मास्तरांची विधवा म्हणून नाही, अभ्यासक म्हणून बोलणार.

संकल्प: रोज दोन तास. रडणं बंद.

१० जानेवारी

दोन्ही सिनेमे वीस मिनिटांचे. दोन्ही मुके. दोन्हींत गोष्ट एकच, नवऱ्याची वाट बघणारी बाई. 'तलावाची पाळ' (करडी, १९७२) यात तलावाच्या बांधावर उभी ती बाई मी. 'लाखनीचा थांबा' (१९७८) यात तिथल्या प्राथमिक शाळेच्या मंदाबाई. फरक तेवढाच. बाकी सगळा तंत्राचा.

निष्कर्ष आधीच लिहून ठेवला: पहिला श्रेष्ठ. पहिल्यात जीव, दुसऱ्यात सराव.

एक मुद्दा आवाजाचा. सिनेमा मुका म्हणून प्रत्येक खेळाला पडद्याशेजारी उभी राहून सगळ्यांचे संवाद मी म्हणायचे. मंदाबाईंचेसुद्धा. कॉन्व्हेंटमध्ये मला एलोक्यूशनचं मेडल होतं. सिस्टर म्हणायच्या, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे. मोहाडीच्या मैदानात तो शेवटच्या बैलबंडीपर्यंत पोचायचा.

१३ जानेवारी, दुपारी ३

खिडक्यांना गोधड्या लावून प्रोजेक्टर सुरू केला. रुखमा भांडी टाकून येऊन बसली. अठरा वर्षं घरात कामाला आहे, पण 'पाळ' तिने कधी पाहिला नव्हता. संपल्यावरही हलेना. म्हणाली, "बाई, तुमी कवा येता जी याच्यात?"

मी म्हटलं, पाळेवर उभी आहे ती मीच.

"असं का? मले वाटलं, बगळा आहे."

तिला लाँग शॉट समजावून दिला. माणूस लहान दिसतो, त्यातून त्याचा एकटेपणा कळतो. म्हणाली, "एकटी त दिसताच जी."

तिला तंत्र कळतं. उगीच हिणवायला नको.

१७ जानेवारी

मोजणी केली. 'पाळ': क्लोज-अप तीन. एक माझ्या पावलांचा, एक घागरीचा, एक चेहऱ्याचा. चेहऱ्याच्या शॉटमध्ये फोकस मागच्या झाडावर आहे. याला सॉफ्ट फोकस म्हणतात. परदेशात मुद्दाम करतात.

'थांबा': एकेचाळीस. पुन्हा मोजले. एकेचाळीस.

विचारान्ती लिहिलं: जिला लांबून अभिनय जमत नाही, तिच्याजवळ कॅमेऱ्याला जावं लागतं. शिवाय झूम लेन्स नवी होती. पुरुषांना नव्या वस्तूची हौस असते.

१९ जानेवारी

एका क्लोज-अपमध्ये ह्यांच्या टोपीची सावली मंदाबाईंच्या खांद्यावर पडली आहे. म्हणजे हे अगदी जवळ उभे होते, झूम नव्हता. झूमचा मुद्दा खोडला.

आज दोन तास झाले नाहीत. डोकं दुखत होतं.

२१ जानेवारी

'पाळ'मध्ये कॅमेरा तिपाईवर, ढिम्म. 'थांबा'मध्ये हातात, आणि मधूनमधून हलतो. वयाचा परिणाम. ह्यांना पन्नाशी लागली होती, हात थरथरायचा. (त्याच वर्षी ह्यांनी शाळेच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा रंगवला. एक रेघ हललेली नाही. पण ब्रश वेगळा, कॅमेरा वेगळा.)

२६ जानेवारी, दुपारी

व्याख्यानाची तालीम. पडद्याशेजारी उभी राहून मी 'थांबा'चे संवाद म्हणत होते. "येईल, आज नक्की येईल त्यांचा ट्रक." गळा भरून आणला होता. रुखमाने थांबवलं. "बाई, तिचं तोंड त दुसरंच बोलून राह्यलं जी. तुमी रडून राहिल्या अन् ते हासून राह्यली."

मंदाबाईंचं पाठांतर कच्चं होतं, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. हे म्हणायचे, "तू आहेस ना. तुझ्या आवाजात सगळं झाकलं जातं." केवढा विश्वास होता माझ्यावर.

संकल्प: मंदाबाईंची मुलाखत घ्यायची. अभ्यासाला नटीची बाजूही हवी. पोस्टकार्ड टाकलं.

५ फेब्रुवारी, रविवार

मंदाबाई येऊन गेल्या. लाखनीहून एस.टी.ने. केस सगळे पांढरे. घरच्या चिन्नोर तांदळाची पिशवी आणली, पाया पडल्या. मी वही घेऊन बसले. प्रश्न पहिला: सर दिग्दर्शन कसं करत?

"दिग्दर्शन कायचं जी, बाई. सर विचारत, मी सांगत होती."

काय विचारत?

"हेच. आज काय रांधलं, वर्गातले पोट्टे काय म्हणून राहिले, माहेरी गेली होती का. मी सांगत राहो, सांगत राहो. मले वाटे, मशीन अजून सुरूच नाही झाली. मंग सर म्हणत, झालं."

संवाद?

"संवाद म्या पाठच नाही केले. सर म्हणाले, ते आमच्या बाई म्हणून घेतीन."

मी ते उतरवून घेतलं. अक्षर नीट आलं नाही. जाताना दारात माझा हात धरून म्हणाल्या, "वाईट काही नव्हतं जी." मी म्हटलं, माहीत आहे. खरंच माहीत आहे. वाईट असतं तर निदान रागावता आलं असतं.

त्या गेल्यावर, तुलनेसाठी, 'पाळ'च्या वेळी ह्यांनी मला काय काय सांगितलं ते लिहायला बसले. तासभर आठवलं. तीन वाक्यं निघाली. बोलू नकोस. इकडे बघू नकोस. अजून मागे जा.

९ फेब्रुवारी

केवळरामांना चिठ्ठी दिली: घसा बसला आहे, बोलता येणार नाही. रुखमा घेऊन गेली आणि तिथे सांगून आली, "घसा बरा आहे जी, सकाळीच मले ओरडल्या."

दुपारी 'थांबा' लावला आणि पहिल्यांदाच गप्प बसून बघितला. नुसती प्रोजेक्टरची घरघर. सव्विसाव्या क्लोज-अपमध्ये ती काहीतरी सांगते, थांबते, समोर बघते. आणि कॅमेरा हलतो.

हात थरथरत नव्हता. हे हसत होते.

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ह्यांना असं अंग हलेपर्यंत हसवल्याचं मला आठवत नाही. मी प्रयत्नही केला नसेल. मला वाटायचं, ह्यांना शांतता आवडते.

१२ फेब्रुवारी, रविवार

वर्षश्राद्ध आटोपलं. व्याख्यान नाही. तुलनेचे कागद फाडले नाहीत, पण पुढे लिहिणार नाही. वस्तू कुणाकडे जाव्यात ते आजच लिहून ठेवते.

प्रोजेक्टर आणि पडदा फिल्म सोसायटीला. पट्टा सैल आहे, बदलून घ्यावा.

'लाखनीचा थांबा' मंदाबाईंना, त्यांच्या हातात. बरोबर माझी संवादांची वही देऊ नये. त्यांना लागणार नाही.

वही रुखमाला, चूल पेटवायला. तिला माझ्या दोन नव्या साड्याही. आधी मागेल, मग नाही म्हणेल, तरी द्याव्यात.

'तलावाची पाळ' करडीच्या मच्छीमार सोसायटीला. तेव्हा, दुष्काळाच्या आधी, तलाव काठोकाठ भरला होता, आता तसा भरत नाही म्हणतात.

ह्यांच्या रंगपेट्या शाळेला.

कॅमेरा कुणालाही नाही. त्यात अर्धं वापरलेलं रीळ आहे, ह्यांच्या आजारपणाच्या आधीचं. तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो, त्यामुळे त्यात मी असणारच. ते धुवायला पाठवू नये.